मदत हवी आहे: बॅकअपसाठी आरडीएक्स कार्ट्रिज की एलटीओ टेप?

खतावणी:
सीए ऑफिसचा एक विंडोज सर्व्हर आहे. टॅलीचा डेटा, स्कॅन केलेले कागद आणि पीडीएफ मिळून १.६ टीबी, रोज १५-२० जीबी बदलतं. सध्याचा बॅकअप नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या खोक्यावर) जातो, पण नॅस कायम नेटवर्कला जोडलेला. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर सर्व्हरबरोबर तोही जाईल. रोज काढून बाहेर नेता येईल असं काही हवंय. शिवाय कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार कंपन्यांचे हिशेब ८ वर्षं जपायचे आहेत. कोटेशनं दोन आली आहेत, आरडीएक्स (काढता येणारी डिस्क-कार्ट्रिज) आणि एलटीओ-८ (बॅकअपची चुंबकीय टेप). काय घ्यावं?

निळी_वायर:
एवढ्या डेटाला आरडीएक्स. एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टीबी मावतात. खोक्यावरचा ३० टीबीचा आकडा अडीचपट कॉम्प्रेशन धरून असतो, आणि पीडीएफ-जेपीजी आणखी दबत नाहीत. टेप स्वस्त, पण ड्राइव्ह महाग. वर ड्राइव्ह सर्व्हरला जोडायला सॅस कार्ड आणि टेपला लिहिणारं सॉफ्टवेअर लागतं. विंडोजमधलंच 'विंडोज सर्व्हर बॅकअप' २००८ पासून टेपवर लिहीतच नाही.

आरडीएक्स म्हणजे मजबूत खोक्यातली अडीच इंची डिस्क. १०० एमबी प्रतिसेकंद धरले तर १.६ टीबीला साडेचार तास. डॉक (कार्ट्रिज बसवायचा ड्राइव्ह) चुकून जुन्या, हळू यूएसबी २ च्या पोर्टला लागला तर हेच काम बारा तासांच्या वर जातं, तेवढं आधी बघा.

चाती:
सहमत, आणि टेपची खरी अडचण वेगळीच आहे. ड्राइव्हला डेटा सलग लागतो. एलटीओ-८ वेग कमी करून घेतो, पण साधारण १०० एमबी प्रतिसेकंदाच्या खाली पुरवठा गेला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. त्यात वेळ जातो आणि टेप व ती वाचणारं-लिहिणारं हेड दोन्ही झिजतात. गिगाबिट नेटवर्कवरून लाखभर छोट्या फाइल थेट टेपवर पाठवल्या की हेच होतं. आधी स्थानिक डिस्कवर एक मोठी बॅकअप फाइल बनवून मग ती टेपवर न्यावी लागते.

खतावणी:
मग आरडीएक्स किती घेऊ? आणि ८ वर्षांचं काय?

निळी_वायर:
४ टीबीची सहा. सोमवार ते गुरुवार चार, शुक्रवारसाठी आलटूनपालटून दोन. शुक्रवारचं एक कायम ऑफिसबाहेर. सॉफ्टवेअरमध्ये माध्यम बदलत राहणार असल्याची सेटिंग चालू करा (व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये 'रोटेटेड ड्राइव्ह्ज'), नाहीतर कार्ट्रिज बदललं की पूर्ण बॅकअप आणि त्यापुढचे रोजचे बदल यांची साखळी तुटून जॉब फेल होतो. प्रत्येकावर पहिल्यांदा पूर्ण बॅकअप जाईल, तो शनिवार-रविवारी उरका. कार्ट्रिज बाहेर जाणार म्हणून बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) हवाच. रिकव्हरी की छापून वेगळ्या जागी. काम झालं की लगेच इजेक्ट; रात्रभर आत राहिलेलं कार्ट्रिज तुमच्या नॅसइतकंच उघडं.

चाती:
८ वर्षांसाठी मात्र कपाटात पडून राहिलेल्या डिस्कवर विसंबू नका. वर्षअखेरीचा संच दोन कार्ट्रिजवर लिहा, चेकसमची (फाइल बदलली का ते दाखवणाऱ्या आकड्यांची) यादी सोबत ठेवा, दरवर्षी दोन्ही पूर्ण वाचून ताडा आणि चार-पाच वर्षांनी नव्यावर उतरवा. टेप कोरड्या, थंड जागी ३० वर्षं टिकते म्हणतात, पण वाचणारा ड्राइव्हही टिकायला हवा. एलटीओ-८ ची टेप एलटीओ-९ वाचतो, एलटीओ-१० वाचत नाही.

आणि महिन्यातून एकदा एखादी टॅली कंपनी कार्ट्रिजवरून दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघा. जॉबवर हिरवी खूण असूनही टॅली उघडी असताना कॉपी झालेला डेटा कधीकधी उघडत नाही. त्यासाठी जॉबमध्ये व्हीएसएस (उघड्या फाइलचीही एका क्षणाची प्रत घेणारी विंडोजची सोय) चालू हवं.