जुन्या मॅन्युअल लेन्सेस नवीन डिजिटल बॉडीवर: कुठली बसते, कुठली लावायचीच नाही?

निळीसावली:

मंडळी, थोडं मार्गदर्शन हवंय. फिल्मच्या काळातल्या तीन मॅन्युअल लेन्सेस माझ्याकडे आल्यात. एक निक्कॉर-एस ५० मिमी एफ/१.४, दुसरी निक्कॉर १०५ मिमी एफ/२.५ (अपर्चर रिंगवर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहानमोठं करायच्या कड्यावर, २२ चा आकडा केशरी आहे, बाकीचे पांढरे), आणि तिसरी हेलिओस ४४-२ म्हणजे ५८ मिमी एफ/२, तिला मागे स्क्रूसारखे आटे आहेत. बॉडी निकॉन डी७२००. निकॉनचं एफ माउंट (लेन्स अडकवायची जागा) १९५९ पासून तेच आहे असं सगळीकडे वाचलंय, मग निक्कॉरच्या दोन्ही सरळ लावायच्या आणि सुरू करायचं, एवढंच ना? आणि हेलिओससाठी अडॅप्टर घेतला की काम झालं का? अजून एकही लावून पाहिलेली नाही, म्हटलं आधी विचारावं. फोकस हाताने करायची पूर्ण तयारी आहे, पोर्ट्रेट आणि पानाफुलांचे फोटो हाच मुख्य उद्योग.

शटरवाला:

आधी विचारलंत हे फार बरं झालं. ५० मिमी डी७२०० वर लावू नका, प्लीज. जोर लावून तर अजिबातच नको.

माउंट १९५९ पासून तेच आहे हे खरं, पण ते फक्त लेन्स अडकवायच्या दात्यांपुरतं. अपर्चर किती ठेवलंय हे बॉडीला सांगायची पद्धत मध्ये बदलली. १९७७ साली निकॉनने एआय पद्धत आणली, त्यात लेन्सच्या अपर्चर रिंगच्या मागच्या कडेला एक खाच कापलेली असते आणि त्या खाचेची पायरी बॉडीच्या माउंटभोवतीचा एक छोटा खटका ढकलत नेते, खटका किती सरकला त्यावरून मीटरला (उजेड मोजणाऱ्या भागाला) कळतं की अपर्चर काय आहे. त्याच्या आधीच्या लेन्सेसना, ज्यांना प्री-एआय किंवा नॉन-एआय म्हणतात, ही खाचच नसते, रिंगची कड सगळीकडून सारखी गोल असते. अशी लेन्स डी७२०० वर फिरवली की ती कड त्या खटक्यावर चढते आणि खटका वाकतो किंवा तुटतो. मग त्या बॉडीवर पुढे चांगल्या एआय लेन्सचं मीटरिंगही गेलं.

तुमची ५० मिमी 'निक्कॉर-एस' आहे, म्हणजे काच जुन्या काळातली. पण कोणी नंतर तिची रिंग बदलून किंवा घासून घेतलेली असू शकते, निकॉन स्वतःच तेव्हा नवीन रिंग बसवून द्यायची. म्हणून नाव वाचून ठरवू नका, लेन्स उलटी करून रिंगची मागची कड बघा. खाच दिसली तर ठीक, नाही दिसली तर बाजूला ठेवा. दुसरी खूण म्हणजे रिंगवर पुढे जे दोन शिंगांसारखे कान असतात ते बंद असतील तर बहुतेक प्री-एआय, त्यांना आरपार फटी असतील तर बहुतेक एआय. पण खरा निर्णय खाचेवरच.

गंमत बघा, डी३४०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीला तो खटकाच नाही, त्यामुळे प्री-एआय त्यांच्यावर बिनधोक बसते, मीटर मात्र चालत नाही, अंदाजाने एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा आणि दुरुस्त करायचं. डी७५०० मधूनही तो काढून टाकला. आणि २०१३ च्या डीएफ मध्ये तो खटका दुमडून बाजूला करता येतो, खास याच लेन्सेससाठी. म्हणजे बॉडी महाग आहे की स्वस्त, नवी आहे की जुनी, यावर काहीच ठरत नाही, तो एक खटका आहे की नाही आणि दुमडतो की नाही एवढंच बघायचं.

१०५ ची चिंता सोडा. केशरी २२ म्हणजे एआय-एस, एआयचीच पुढची आवृत्ती. ती आजच लावा. सेटअप मेनूमध्ये 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा' असा पर्याय आहे, तिथे फोकल लांबी १०५ आणि कमाल अपर्चर २.५ भरा. मोड ए (शटर स्पीड कॅमेरा ठरवतो) किंवा एम (सगळं हाताने). अपर्चर लेन्सच्या रिंगवरून फिरवायचं, बॉडीच्या चाकावरून नाही. मीटर चालेल, अगदी मॅट्रिक्स (पूर्ण चौकटीचा उजेड मोजणारं) सुद्धा, आणि एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) आकडेही येतील. पोर्ट्रेटला तर ही लेन्स म्हणजे सोनं आहे, मी आजही वापरतो.

भिंग:

शटरवाला यांनी निक्कॉरचं नेमकं सांगितलंय, मी हेलिओसबद्दल लिहितो, कारण 'अडॅप्टर घेतला की झालं' या समजुतीवर खूप जणांचे पैसे वाया जातात.

लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक सिस्टिमचं ठरलेलं असतं, त्याला फ्लँज अंतर म्हणतात. एम४२ म्हणजे तुमच्या आटेवाल्या माउंटचं ते ४५.४६ मिमी. निकॉन एफचं ४६.५ मिमी. म्हणजे हेलिओसला सेन्सर जितका जवळ हवा त्यापेक्षा तुमच्या बॉडीत तो आधीच मिलिमीटरभर लांब आहे, वर अडॅप्टरची जाडी वेगळीच. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की जवळचं फोकस होतं आणि दूरचं जातं. गणित सोपं आहे, फोकल लांबीचा वर्ग भागिले जास्तीचं अंतर. ५८ चा वर्ग ३३६४, त्याला १.०४ ने भागलं की ३२३५ मिमीच्या आसपास येतं. म्हणजे अडॅप्टर कागदाइतका पातळ धरला तरी सव्वातीन मीटरच्या पलीकडचं काहीच तुम्हाला धारदार मिळणार नाही, आणि प्रत्यक्षात अडॅप्टर मिलिमीटरभर जाडीचा असतो त्यामुळे ती मर्यादा निम्म्यावर येते. पानंफुलं निघतील, खांद्यापासून वरचं पोर्ट्रेट जमेल, झाडामागचा डोंगर नाही.

मध्ये काच असलेला अडॅप्टर मिळतो, तो इन्फिनिटी (अगदी दूरचं फोकस) परत देतो, पण ती काच म्हणजे एक हलका टेलिकन्व्हर्टरच (फोकल लांबी वाढवणारी जोड-काच) असतो आणि बहुतेक अडॅप्टरमधली काच लेन्सच्या मानाने फारच सुमार. एफ/२ ला सगळं दुधाळ दिसतं. हेलिओस ज्यासाठी घ्यायची, तो मागचा गरगरणारा बोके (धूसर पार्श्वभूमी), तोच मऊ पडतो. माझं मत विचाराल तर काचवाला अडॅप्टर नको.

हेच हेलिओस कॅनन ईएफच्या डीएसएलआरवर (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, अंतर ४४ मिमी) साध्या पातळ अडॅप्टरने इन्फिनिटीसकट चालते, कारण तिथे दीड मिमी जागा शिल्लक राहते. फक्त फुल फ्रेम (फिल्मइतक्या मोठ्या सेन्सरच्या) कॅननवर काही एम४२ लेन्सेसचा मागचा भाग आरशाला घासतो, त्यामुळे पहिल्यांदा इन्फिनिटीकडे सावकाश जायचं.

निळीसावली:

बाप रे, बरं झालं विचारलं. रिंग उलटी करून बघितली, खाच नाही, कड पूर्ण गोल आहे. म्हणजे ५० बाद, हेलिओस अर्धी बाद. मग मिररलेसकडे जाणं हाच मार्ग का? तसंही पुढेमागे बॉडी बदलायचा विचार आहेच. तिथे या तिन्ही चालतील का आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मॅन्युअल फोकस खरंच सोपं जातं का? डी७२०० वर १०५ लावून पाहिली, डोळ्यांना वाटतं फोकस झालं आणि फोटोत मागे गेलेलं असतं.

अर्धाथांबा:

तिन्ही चालतील, एकही अपवाद नाही. मिररलेसमध्ये आरसा गेला त्यामुळे फ्लँज अंतर एकदम कमी झालं, निकॉन झेड १६ मिमी, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, मायक्रो फोर थर्ड्स साधारण १९. एफ माउंटचे ४६.५ वजा झेडचे १६ म्हणजे साडेतीस मिमीची नुसती पोकळ नळी मध्ये लावली की लेन्स बरोब्बर आपल्या जागी. काच नाही, नुकसान नाही. कॅननने १९८७ मध्ये ईएफ आणलं तेव्हा एफडी लेन्सेस अक्षरशः पोरक्या झाल्या होत्या, एफडीचं अंतर ४२ आणि ईएफचं ४४, दोन मिमीने घात केला, आणि इतक्या वर्षांनी मिररलेसवर त्याच लेन्सेस पुन्हा उत्तम फोटो देतायत. मला स्वतःला डिजिटलमधली ही सगळ्यात आनंदाची गोष्ट वाटते.

तुमच्या ५० साठी साधा यांत्रिक एफ-टू-झेड अडॅप्टर घ्या, त्यात खटका वगैरे भानगड नाही. हेलिओससाठी एम४२-टू-झेड. लावल्यावर शटर दाबलं आणि काहीच झालं नाही तर घाबरू नका, काही बॉडीत 'लेन्सशिवाय शटर' असा पर्याय असतो, तो चालू करावा लागतो, सोनी आणि कॅननमध्ये तर हमखास. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करायला सेन्सर हलवणं) असेल तर फोकल लांबी हाताने भरा, आणि खरी भरा. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे म्हणून ५८ ला दीडने गुणून ८७ भरणारे बरेच जण पाहिलेत, मग सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि फोटो उलट हललेला येतो.

फोकसचं सांगतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधे डोळ्यांना फसल्यासारखं होतं त्यात तुमचा दोष नाही. आताच्या स्क्रीन उजेड जास्त यावा म्हणून बनवलेल्या असतात, त्या एफ/२.८ च्या आसपासपेक्षा जास्त उघड्या अपर्चरची उथळ खोली (फोकसचा पातळ पट्टा) दाखवतच नाहीत, जुन्या फिल्म कॅमेऱ्यात मधोमध जो दुभंगणारा गोल असायचा तोही यात नाही. त्यामुळे डी७२०० वर फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवा आणि खाली कोपऱ्यात ठिपका लागतोय का ते बघा, नाहीतर ट्रायपॉड लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये झूम करा. मिररलेसवर पीकिंग मिळतं, रंगीत कडा चमकतात, पण एफ/१.४ ला नुसत्या पीकिंगवर विसंबू नका, ते पापणीही रंगवतं आणि भुवईही. एका बटणावर मॅग्निफिकेशन लावून ठेवा, डोळा मोठा करून बघा, मगच क्लिक. सवय झाली की हात आपोआप चालतो.

हेलिओस ४४-२ ला दोन अपर्चर रिंग आहेत हे लक्षात आलं असेल. एक आकडा ठरवते, दुसरी त्या आकड्यापर्यंत मोकळी फिरते. उघडी ठेवून फोकस करायचं, मग दुसरी रिंग अडेपर्यंत बंद करायची. मिररलेसवर फाइंडर स्वतःच उजेड भरून काढतो त्यामुळे बंद अपर्चरवरही दिसतं, तरी फोकस उघड्यावरच करा.

हिरवंबटण:

निकॉनवाल्यांची चर्चा चालू आहे तरी मधे बोलते, कारण जुन्या लेन्ससाठी म्हणून बॉडी घ्यायची तर पेंटॅक्सचा विचार कोणीच करत नाही याचं वाईट वाटतं. के माउंट १९७५ चं, आणि त्यांच्या डीएसएलआरवर ती पहिली के लेन्स आजही बसते. मेनूत अपर्चर रिंग वापरायची परवानगी द्यायची, एम मोड, रिंग फिरवायची आणि हिरवं बटण दाबायचं, कॅमेरा क्षणभर अपर्चर बंद करून मोजतो आणि शटर स्पीड लावून देतो. बॉडीतच स्टॅबिलायझेशन, चालू केल्यावर फोकल लांबी विचारतो. एम४२ चं फ्लँज अंतरही केच्या इतकंच, ४५.४६, म्हणून माउंटच्या आत बसणाऱ्या बारीक रिंगने हेलिओस इन्फिनिटीसकट चालते. तुमच्या निक्कॉर मात्र इथे उपयोगाच्या नाहीत हेही तितकंच खरं.

शटरवाला:

@अर्धाथांबा, सगळं पटलं, फक्त लगेच बॉडी बदला असं मी म्हणणार नाही. १०५ आणि डी७२०० ही जोडी आहे तशी उत्तम आहे, क्रॉपमुळे १५७ मिमीसारखा कोन मिळतो, डोकं-खांदे पोर्ट्रेटला छान. महिनाभर तीच वापरावी, ठिपक्याची सवय करावी, मॅन्युअल फोकस आपल्याला झेपतंय का हे कळेल.

अजून एक, जुन्या काचेकडून काय अपेक्षा ठेवायची तेही बोलायला हवं. ५० मिमी एफ/१.४ उघडी असताना कडांना एक झिलई दिसेल, चमकत्या धातूच्या कडेला जांभळी रेघ येईल. एफ/२.८ ला बरीच सुधारते, एफ/४ ला कुठल्याही नव्या लेन्सच्या शेजारी ठेवा. कोटिंग जुनं असल्याने समोरून उजेड आला की कॉन्ट्रास्ट पडतो, हूड कायम लावून ठेवा. त्यात डिजिटल सेन्सर फिल्मपेक्षा जास्त चकाकतो, त्याच्यावरून परत गेलेला उजेड मागच्या काचेवर आपटून मधोमध फिकट डाग पडू शकतो, विशेषतः एफ/११ च्या पुढे.

भिंग:

+१. आणि पुढे कधी रेंजफाइंडरच्या (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) वाइड लेन्सेस घ्यायचा मोह झाला तर जपून. एसएलआरच्या लेन्सला आरशासाठी जागा सोडावी लागायची, म्हणून तिच्यातून उजेड सेन्सरवर बऱ्यापैकी सरळ येतो, कोपरे सांभाळले जातात. रेंजफाइंडरच्या वाइडची मागची काच फिल्मला जवळजवळ टेकलेली असते, उजेड कोपऱ्यात फार तिरका पडतो आणि सेन्सरवरच्या काचेच्या थरामुळे तिथे चित्र फरफटतं, कधी रंगही जांभळट होतो. बसते म्हणून घेतली आणि कोपरे गेले, असं नको.

निळीसावली:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. सध्या १०५ वरच सराव. हेलिओसमध्ये टॉर्च मारून बघितलं तर पात्यांवर ओलसर चमक दिसतेय, काचेत बुरशीचं जाळं वगैरे नाही. हे कितपत गंभीर आहे?

अर्धाथांबा:

पात्यांवर तेल आलंय. ४४-२ मध्ये अपर्चर हाताने फिरतं, स्प्रिंगवर नाही, त्यामुळे पाती जड झाली तरी फोटोला फरक पडत नाही, काच स्वच्छ आहे तोवर बिनधास्त वापरा. हेच १०५ मध्ये दिसलं असतं तर लगेच दुरुस्ती लागली असती, कारण तिथे शटर दाबल्यावर पाती क्षणात बंद व्हावी लागतात, तेलाने ती अडखळली की एफ/८ ठेवूनही फोटो उघड्या अपर्चरसारखा उजळ येतो. तेव्हा १०५ मध्येही टॉर्च मारून बघा, आणि मागचा छोटा दांडा बोटाने ढकलून सोडा, पाती झटकन मिटली पाहिजेत.

निळीसावली:

आत्ता बघितलं, कोरडी आहेत आणि झटकन मिटतात.