होर्डिंग वाचायला ॲरिस्टॉटल लागतो की मम्मट?

खिडकीची जागा:
जाहिरातीचं किंवा भाषणाचं विश्लेषण करा म्हटलं की अकरावीपासून एम.ए.पर्यंत सगळ्या उत्तरपत्रिकांत अलंकारांची यादी उतरते. अनुप्रास आहे, यमक आहे, चेतनगुणोक्ती आहे. असेल हो. पण वीस वर्षांचं कर्ज काढायला माणूस कशानं तयार झाला, ते त्या यादीतून कळत नाही. माझं म्हणणं असं की पटवण्याच्या भाषेपुरती ही यादी कपाटात ठेवा आणि ॲरिस्टॉटलचे तीन शब्द घ्या. इथॉस म्हणजे बोलणारा कसा वाटतो, पॅथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात काय हलवलं, लोगॉस म्हणजे मुद्दा कशावर उभा केला.

चर्चेसाठी एक होर्डिंग रचून देतो. घाटकोपर ते मुलुंड हायवेनं गेलात तर याची भावंडं दिसतील:

"मुंबईची धावपळ आमच्या फाटकाबाहेरच थांबते. स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं. १२०० कुटुंबांनी विश्वास टाकला. तुम्ही कधी?"

१२०० कुटुंबं हा इथॉस, दमलेल्या माणसाला विसावा हा पॅथॉस, ५ मिनिटं हा लोगॉस. आता यात संस्कृत काव्यशास्त्रवाला मम्मट कुठे लागला?

कटिंग:
ही पण यादीच झाली की. आधी तेरा नावांची होती, आता तीन नावांची.

शिवाय पहिलंच नाव चुकलंय. ॲरिस्टॉटलचा इथॉस भाषणातून घडावा लागतो, बोलणाऱ्याची आधीची पत त्यात धरत नाहीत. त्याचे घटकही त्यानं सांगितलेत: विवेक, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दल सद्भाव. होर्डिंगवर क्रिकेटपटू उभा करणं हासुद्धा त्या काटेकोर अर्थानं इथॉस नाही. आधीची कीर्ती त्यात मोजायची पद्धत पुढे रोमन वक्त्यांत रुळली. १२०० कुटुंबं तर लांबच, तो सरळ लोगॉसचा दावा आहे.

पॅथॉसचंही तेच. 'भावनेला हात घातला' एवढं लिहून पोरं पुढे सरकतात. प्रत्येक भावनेला तीन प्रश्न विचारायचे असतात: ती कोणत्या मनःस्थितीत येते, कोणाबद्दल येते, कशावरून येते. इथे मनःस्थिती संध्याकाळी सातच्या फास्ट लोकलमधली. रोख कोणावर? गर्दीवर, म्हणजे आपल्याच शेजारी उभ्या असलेल्या माणसावर. हे लिहिलंत तर विश्लेषण, नाहीतर नुसतं लेबल.

शब्दशक्ती:
कटिंग यांच्या शेवटच्या मुद्द्यापाशीच मम्मट लागतो.

लोकलच्या दारात कोणी ओरडतं, "दादर आलं!" दादर कुठून येणार, ते आहे तिथेच आहे, गाडी आली. हॉटेलात पोऱ्या म्हणतो, "तीन नंबरचा मसाला डोसा पैसे न देता निघाला." डोसा निघत नाही, गिऱ्हाईक निघतं. ही लक्षणा, म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं. अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त मम्मटानं तिच्या अटी घातल्या आहेत. एक, मुख्यार्थबाध, म्हणजे सरळ अर्थ अडला पाहिजे. दोन, नव्या अर्थाचा जुन्याशी संबंध पाहिजे. तीन, मागे रूढी तरी हवी नाहीतर प्रयोजन तरी. 'दादर आलं' ही रूढी. 'अख्खी मुंबई रस्त्यावर उतरली' यात प्रयोजन आहे, कारण 'बरेच लोक उतरले' म्हणूनही भागलं असतं.

आता होर्डिंग घ्या. धावपळ फाटकाशी थांबत नाही, अर्थ अडला. धावपळ म्हणजे गाड्या, आवाज, माणसं, हा संबंध. प्रयोजन काय? आत शांतता, हे उघडच. पण फाटक म्हटलं की वॉचमन आला, आणि वॉचमन म्हटलं की कोणाला आत सोडायचं नाही हा प्रश्न आला. 'आत तुमच्यासारखेच लोक असतील' हे कोणताही बिल्डर लिहून देणार नाही. ते सुचवलं जातं. मम्मटाच्या मते प्रयोजन कळतं ते व्यंजनेनंच, म्हणजे शब्दाच्या सुचवण्याच्या शक्तीनं. आणि सुचवलेल्या गोष्टीचा ना पुरावा मागता येतो, ना तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. तीन ग्रीक शब्दांत ही जागा सापडत नाही.

खिडकीची जागा:
लक्षणेचं मान्य, डोसा तर विशेष मान्य. पण मम्मट ज्याच्या वाटेनं जातो त्या आनंदवर्धनाचा ध्वनी, म्हणजे सुचवलेला अर्थ, हा काव्य वाचणाऱ्या सहृदयासाठी, जाणत्या रसिकासाठी आहे, आणि बेस्टच्या थांब्यावर घामेजलेला माणूस सहृदय म्हणून उभा नसतो. ॲरिस्टॉटलनं मुळात सभा, न्यायालय आणि स्तुतिनिंदेचे प्रसंग समोर ठेवूनच लिहिलं. हत्यार ज्या कामासाठी घडवलं त्या कामाला वापरावं.

बिनपगारी वकील:
मग वादासाठीच घडवलेलं आपलं हत्यार घ्या की, न्यायशास्त्र. प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लागू करणं), निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव. होर्डिंगवर त्यातला एकच आहे, '१२०० कुटुंबांनी विश्वास टाकला' हा हेतू. 'प्रकल्प भरवशाचा आहे' ही प्रतिज्ञा वाचणाऱ्यानं मनात भरायची. 'जिथे जिथे पुष्कळ लोक पैसे गुंतवतात ते ते भरवशाचं' हा नियमही त्यानंच भरायचा. तो कागदावर लिहिला की लगेच पडतो, कारण रखडलेल्या प्रकल्पांतही घरं विकलेली असतातच. जो हेतू दोन्हीकडे सापडतो तो सव्यभिचार हेत्वाभास, म्हणजे फसवं कारण. 'बहुसंख्येचा दाखला दिला आहे' या वाक्यापेक्षा हे नेमकं आहे, कारण दाखला नक्की कुठे फुटतो ते दिसतं.

आणि '५ मिनिटं' हा वाक्छल, शब्दाच्या दुहेरी अर्थाची चलाखी. पायी की गाडीनं, सांगितलेलंच नाही.

कटिंग:
अवयव पटले. मात्र ॲरिस्टॉटलकडे यालाच एन्थिमीम म्हणतात: ऐकणाऱ्याच्या मनात असलेलं विधान न बोलता त्याच्याकडूनच भरून घ्यायचं. म्हणजे हे दुकान दोघांकडेही आहे.

वाक्छल मात्र साफ चूक. न्यायसूत्रांत छल करतो तो समोरचा. 'हा नवकंबल आहे' म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे, असं एकजण म्हणतो. 'नव' म्हणजे नऊही, म्हणून दुसरा उलटून विचारतो, 'नऊ कुठे आहेत?' वक्त्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसरा अर्थ लावून त्याला खोडणं, तो छल. होर्डिंगवाल्यानं कोणाचं काही खोडलेलं नाही, त्यानं मोघम लिहिलंय. त्याला मोघमच म्हणा, संस्कृत नावाची गरज नाही.

बिनपगारी वकील:
बरोबर, मागे घेतो.

परळ नाका:
नावांवरून इतकं भांडण? वर्गात उपयोगी पडते ती अदलाबदल. एका वेळी एकच शब्द बदलायचा आणि काय गळालं ते लिहायचं.

'विश्वास टाकला'च्या जागी 'फ्लॅट बुक केले' लिहा. व्यवहाराचं नातं झालं होतं, ते उतरलं. (ही पर्यायोक्ती, नाव हवंच असेल तर.) 'कुटुंबांनी'च्या जागी 'ग्राहकांनी' लिहा, आजी-आजोबा गेले. 'तुम्ही कधी?'च्या जागी 'तुम्ही घेणार का?' लिहा. आधीच्या प्रश्नात घेणार हे गृहीत होतं, फक्त तारीख विचारली होती. आता नाही म्हणायला जागा झाली. 'फक्त' खोडा, मग ५ मिनिटं ही नुसती माहिती उरते.

चूक होते ती दोन-तीन शब्द एकदम बदलल्यानं, मग कशानं काय गेलं ते सांगता येत नाही.

शब्दशक्ती:
पद्धत चांगली, पण 'काय गळालं' ते सांगायला शेवटी शब्द लागतातच. तुम्हालाही पर्यायोक्ती लागलीच, कंसात का होईना.

खिडकीची जागा:
माझ्या तीन शब्दांत दुरुस्ती करतो, पण ॲरिस्टॉटल सोडत नाही. त्याची एक विभागणी इथे कोणी काढली नाही: वक्त्यानं स्वतः रचलेले पुरावे वेगळे आणि त्याला बाहेरून आयते मिळणारे वेगळे. कायदे, साक्षीदार, करार, छळातून काढलेले जबाब, शपथा हे आयते. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत बंधनकारक झालेला क्यूआर कोड हे या दुसऱ्या जातीचे. होर्डिंगवर ते कुठे असतात बघा: खाली कोपऱ्यात, चालत्या गाडीतून वाचताच येणार नाहीत अशा आकारात.

परळ नाका:
ते मात्र खरं. आणि त्या ५ मिनिटांचं गणितही करून टाका. पायी मिनिटाला साधारण ८० मीटर, म्हणजे ४०० मीटर झाले. बारा डब्यांच्या गाडीचा फलाटच अडीचशेच्या आसपास. स्टेशन म्हणजे फलाटाचं कुठलं टोक, की पुलाची शेवटची पायरी?