उतारावर खोगीर मानेकडे सरकते, उपाय सुचवावा

माळरान :
गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून एक चार वर्षांची घोडी आणली. उंची ५४ इंच, पोट गोल, आणि मानेच्या बुडाशी जो उंचवटा असायला हवा तो जवळजवळ नाहीच. पाठीवरून हात फिरवला तर पिंपावरून फिरवल्यासारखे वाटते. सपाटीवर काही तक्रार नाही, परंतु शेताकडचा उतार लागला की पन्नास-साठ पावलांत खोगीर पुढे येते आणि मी अक्षरशः तिच्या मानेवर जाऊन बसतो. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, दोन भोके अधिक आवळून पाहिला, तर चौथ्या दिवशी कोपरामागचे केस झिजून कातडी लाल झालेली दिसली. छातीवरून पेशबंदही लावला, त्याने काडीचा फरक पडला नाही. खोगीर इंग्रजी पद्धतीचे, कानपुरी बनावटीचे आहे. ते बदलावे, की आणखी काही करता येईल?

जुनी पागा :
पेशबंदाचा उपयोग झाला नाही, कारण तो खोगीर मागे सरकू नये म्हणून असतो. चढावर त्याचे काम, उतारावर तो नुसता लोंबतो. तंग आवळण्याचा मोहही सोडावा. पुढच्या पायांमागे छातीचा घेर जिथे सर्वांत कमी असतो तिथे तंग आपोआप जाऊन बसतो, आणि गोल पोटाच्या घोड्यात ही जागा बरीच पुढे, कोपराला लागूनच असते. तुम्ही खोगीर योग्य जागी ठेवता, पण तंग अडकवायचे त्याचे पट्टे त्या जागेच्या मागे लोंबतात. घोडी चालू लागली की पोट तंगाला पुढे ढकलते आणि तंग खोगिराला ओढून नेतो. जितका आवळाल तितका तो अधिक जोराने ओढेल.

खात्री करून घ्यायची असेल तर खोगीर नेहमीच्या जागी ठेवून त्याच्या पुढच्या कडेशी खडूने रेघ मारा, तंग बेताचा बांधा आणि कोणीही वर न बसता घोडीला सपाटीवर दहा मिनिटे चालवा. कड रेघेच्या पुढे गेली, तर दोष तुमच्या बैठकीचा नाही. इंग्रजी खोगिराला दोन्ही बाजूंना बहुधा तीन-तीन पट्टे असतात. तुम्ही मागचे दोन वापरत असाल तर पुढचे दोन वापरून पाहा. तेवढ्याने भागले नाही, तर छातीखालचा भाग पुढे वळलेला, कमानीसारखा तंग घ्यावा. त्याचा मधला भाग त्या अरुंद जागेत बसतो आणि टोके मागच्या पट्ट्यांना सरळ मिळतात.

घाटवाट :
वरील सर्व मान्य, परंतु पाठ पिंपासारखी असेल तर दुमचीला पर्याय नाही, असे माझे मत आहे. शेपटीच्या बुडाखालून जाणारा हा वेढा एका पट्ट्याने खोगिराच्या मागच्या कडीला जोडलेला असतो. केदारनाथच्या वाटेवरची खेचरे उतरताना नीट पाहिली, तर ओझे मानेवर येऊ नये म्हणून शेपटीखालून किंवा पुठ्ठ्यामागून, म्हणजे मागच्या पायांवरच्या भरीव भागामागून, नेलेला पट्टा दिसतो, तत्त्व तेच. दुमची ताठ ओढू नये, पट्टा आणि पुठ्ठा यांच्यामध्ये आडवा तळहात सहज जावा. वेढ्यात शेपटीचे केस अडकू देऊ नयेत, कातडे मऊ ठेवावे आणि आतली बाजू रोज पुसावी, कारण तिथली कातडी नाजूक असते. आणि पहिल्याच दिवशी दुमची लावून स्वार होऊ नये! शेपटीखाली परकी वस्तू लागली की शहाणी घोडीसुद्धा लाथा झाडते.

जुनी पागा :
दुमचीला माझा विरोध नाही, पण ती शेवटी लावावी. खोगिराचा सांगाडा पाठीला फार रुंद होत असेल, तर ते पुढून खाली बसते आणि उतार नसतानाही सरकते. दुमची ते फक्त रोखून धरील आणि सगळा भार शेपटीवर येईल. रुंद खोगिराखाली नमद्यावर नमदा (लोकरीची जाड गादी) घालत जाणे म्हणजे शब्दशः खोगीरभरती, त्याने डळमळ वाढते. शिवाय चार वर्षांच्या घोडीची वाढ अजून संपलेली नसते. मधल्या काळात पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच होतो आणि सपाटीवरही खोगिराला उतारच मिळतो, म्हणून दोन्हीकडची उंची मोजून पाहा.

माळरान :
रेघ मारून पाहिली. दहा मिनिटांत खोगीर चार बोटे पुढे, तेही रिकामे! पुठ्ठा खांद्यापेक्षा एक इंच उंच निघाला, आणि मी खरोखरच मागचे दोन पट्टे वापरत होतो. कोपरामागची कातडी भरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे, घोडीवर खोगीर घातले नाही. त्यानंतर पुढचे पट्टे आणि कमानीचा तंग लावल्यावर सपाटीवर खोगीर जागचे हलत नाही, उतारावर मात्र अजून दोनेक बोटे येते, म्हणून दुमची करून घेतली. पहिले दोन दिवस तिने शेपूट घट्ट दाबून धरली आणि खेकड्यासारखी तिरकी चालली. तिसऱ्या दिवशी गोठ्यात दुमची लावलेली असतानाच निवांत कडबा खात उभी होती. उद्या प्रथमच तिला तशीच हाताने धरून शेताचा उतार उतरवणार आहे.

घाटवाट :
जाताना दुमचीचा पट्टा एक भोक सैल ठेवा. उतारावर घोडीचा पुठ्ठा खाली बसतो आणि पट्टा ताणला जातो.