मदत हवी आहे: ॲलर्जीवाल्या घरासाठी कोणता व्हॅक्युम क्लीनर? (तातडीचे)

ठाणेकर_त्रस्त · रात्री ९.१२
मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. व्हॅक्युम क्लीनर घ्यायचाय, बजेट १२ हजारांपर्यंत. हेपा फिल्टर हवाच. दोन मॉडेल कार्टमध्ये टाकून ठेवलीत, एक १४०० वॅट, एक १६०० वॅट. सेल उद्या रात्री संपतोय. कृपया फक्त नाव सांगा, निबंध नको.

अनुस्वार · ९.२०
फरशी की गालिचा? गादी कापसाची, काथ्याची की फोमची? घरात मांजर-कुत्रा? ॲलर्जी नेमकी कशाची, तपासणी केली आहे का? यातलं काहीच न सांगता नाव कसं सांगणार?

झाडूवाली_मावशी · ९.२६
रोबो घ्या. बटण दाबा, विसरा.

ठाणेकर_त्रस्त · ९.३१
@अनुस्वार, फरशीच आहे हो, ठाण्यात गालिचा कोण घालतं? २ बीएचके. प्राणी नाहीत. ॲलर्जी धुळीची, लिहिलंय की वर.

अनुस्वार · ९.४०
'धूळ' ही ॲलर्जी नाही, ते घराण्याचं नाव झालं. धुळीतला माइट (डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा), झुरळ, बुरशी, परागकण यातलं कोण, ते त्वचेवरच्या प्रिक टेस्टमध्ये कळतं. (त्याआधी सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते, किती दिवस ते डॉक्टरच ठरवतात.) बुरशी निघाली तर भिंतीची ओल बंद करायची, व्हॅक्युमचा उपयोग नाही. माइट निघाला तर लढाई गादीवर आहे, फरशीवर नाही.

फिल्टरबाबा · ९.५८
वॅट बघून घेऊ नका. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते. ती किती ओढते ते किलोपास्कलमध्ये लिहिलेलं असतं, आणि हवा किती वाहते ते वेगळंच.

आता हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर. त्यातला एच१३ हा दर्जा म्हणजे ९९.९५ टक्के कण अडतात, तेही सगळ्यात जास्त निसटणाऱ्या आकाराचे, म्हणजे साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. त्याहून मोठे आणि त्याहून बारीक, दोन्ही उलट सहज अडतात. 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असं खोक्यावर असेल तर पुढे जा, त्याला काही अर्थ नाही.

माइटची विष्ठा, जी खरी त्रास देते, ती १० ते ४० मायक्रॉनची असते. ती कुठलाही बरा फिल्टर अडवतो. मग शिंका का येतात? कारण हवा फिल्टरमधून जातच नाही. झाकणाची रबरी कड नीट बसलेली नसते, हवा कडेकडेने पळते आणि मागच्या जाळीतून खोलीत. एच१३ की एच१४ यावर भांडण्यापेक्षा ती कड तपासा.

पाणबुड्या · १०.०५
पाण्याच्या टाकीवाला घ्या! धूळ पाण्यात बुडते, पिशवी नको, फिल्टर नको. हाय काय नाय काय.

फिल्टरबाबा · १०.१३
@पाणबुड्या, हवा पाण्यातून बुडबुड्यांनी जाते. बुडबुड्याच्या आतली बारीक धूळ पाण्याला शिवतच नाही, बुडबुड्यासकट वर येते. मागे हेपा असेल तर तो ती अडवतो, मग टाकीचं कौतुक कशाला? शिवाय टाकी प्रत्येक वेळी ओतून, विसळून, सुकवून ठेवावी लागते. पावसाळ्यात एक रात्र विसरलात तर सकाळी कुबट वास.

पाणबुड्या · १०.१६
पाणी किती काळं होतं ते बघून समाधान वाटतं राव!

फिल्टरबाबा · १०.१७
समाधानाबद्दल वाद नाही.

दुसेलडॉर्फची_शेवंता · १०.३०
आमच्याकडे युरोपात सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या वरचा घरगुती व्हॅक्युम बाजारात आणताच येत नाही, तरी गालिचे साफ होतात. बाबांना +१.
अवांतर: सोफ्यावरचा हळदीचा डाग काढायला थंड पाणी आणि भांड्याचं साबण, मग ऊन. गरम पाणी लावू नका, पक्का बसतो.

ठाणेकर_त्रस्त · १०.४१
हळद कोणी विचारली?? जुना एक व्हॅक्युम आहे हो आमच्याकडे, डब्यावाला. तो फिरवला की मुलगा जास्तच शिंकतो. म्हणून तर नवा घ्यायचाय.

अनुस्वार · १०.४४
हे दीड तासाने सांगताय! डबा रिकामा कोण करतं? आणि फिल्टर धुता का?

ठाणेकर_त्रस्त · १०.५०
डबा मुलगाच करतो, बाल्कनीत. त्याला ते आवडतं. फिल्टर दर रविवारी धुतो, दोनेक तासांत परत लावतो.

फिल्टरबाबा · ११.०२
सापडलं. डबा उघडून आपटला की आतली सगळी बारीक धूळ थेट नाकासमोर. आणि दोन तासांत फिल्टर वरून कोरडा वाटला तरी घड्यांच्या आत ओला राहतो. ओल्या फिल्टरवर धूळ चिखलासारखी थापली जाते, ओढ कमी होते, मोटर तापते, वास येतो, मग बुरशी. 'धुता येतो' असं लिहिलं असेल तरच धुवा, ब्रशने घासू नका, नळाखाली सोडा, आणि सावलीत पूर्ण २४ तास, पावसाळ्यात ४८.

आताच एक करा. फिल्टर काढून त्यामागचा, मोटरकडचा भाग पांढऱ्या रुमालाने पुसा. राखाडी आला तर हवा कडेने पळतेय. दुसरं, अंधार करून मशीन चालू करा आणि मागच्या जाळीवर टॉर्चचा झोत आडवा धरा. झोतात धूळ उडताना दिसली तर निकाल लागला.

ठाणेकर_त्रस्त · ११.२५
रुमाल काळाच झालाय. 😐 मग आता?

फिल्टरबाबा · ११.४१
पिशवीवाला घ्या. पिशवी बिनविणीच्या कापडाची, कागदाची नको, आणि तोंड बंद होणारी. पाऊण भरली की बदला, ठासून भरू नका. आधी त्याच मॉडेलच्या पिशव्या सुट्या मिळतात का ते शोधा, मशीन मग. पिशवी नाही मिळाली की मशीन माळ्यावर. पिशवी, मोटरपुढचा फिल्टर, मागे हेपा, अशी तिहेरी रांग हवी. 'ओला-सुका' ड्रमवाले घेऊ नका. बहुतेकांत स्पंज किंवा कापडी फिल्टर असतो, बारीक धूळ निसटते.

आणि १६०० वॅट म्हणजे सात अँपियर. सहाच्या सॉकेटमध्ये किंवा मल्टिप्लगमध्ये लावू नका. १६ अँपियरचा सॉकेट बेडरूममध्ये एसीजवळ असेल. वायर ५ मीटर आहे का बघा.

गोधडी · सकाळी ६.५०
फरशीवर कशाला व्हॅक्युम? ओलं पुसणंच बरं. कुंच्याने झाडलं की बारीक धूळ हवेत जाते. मशीन गादीसाठी ठेवा: सोफ्याचा छोटा ब्रश, एका चौरस मीटरला दोन मिनिटं, हळू, दोन्ही बाजू, शिवणी आणि कडा. कापड पाइपला चिकटत असेल तर मुठीवरची हवेची खिडकी अर्धी उघडा. जिवंत माइट धाग्याला घट्ट धरून बसतात, ते निघत नाहीत. निघते ती विष्ठा आणि कातडीचा कोंडा. म्हणून चादर-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, आणि गादीला चेनचं माइटरोधक कव्हर, सगळीकडून बंद. कापसाची गादी असेल तर उन्हात टाकून बाहेरच झटका, आत नाही.

झाडूवाली_मावशी · ७.१५
रोबो बिछान्याखाली जातो पण.

गोधडी · ७.२२
जातो, मावशी, फरशीसाठी चांगलाच आहे. पण त्याचा डबा वाटीएवढा, आणि तो रोज कोणीतरी उघडणारच. गादीवर चढत नाही.

अनुस्वार · ७.४०
@ठाणेकर, मशीन चालू असताना मुलगा खोलीत नको. झाल्यावर अर्धा तास खिडकी उघडी ठेवा, मग येऊ द्या. जो चालवेल त्याला एन९५. आणि प्रिक टेस्ट.

ठाणेकर_त्रस्त · ८.०५
दोन्ही मॉडेल बिनपिशवीचीच निघाली. कार्ट रिकामं केलं. १४०० वॅटचा एक पिशवीवाला बघतोय, ११ हजारांत, पिशव्या पाचच्या संचात मिळताहेत. डब्याचं तोंड मोठ्या पिशवीत घालून मी तो रिकामा केला आत्ता. जुना मशीन टाकून देऊ का?

फिल्टरबाबा · ८.११
गादीला लावू नका. बाल्कनीतल्या पानांना चालेल. पण भिंत फोडल्यावरचं सिमेंट किंवा अगरबत्तीची राख ओढू नका, त्या पुडीने फिल्टर एका फेरीत चोंदतो.

नवीन_सदस्य_४१ · ८.३०
गाडीसाठी कोणता घ्यावा? १२ व्होल्टचा चालेल का?