सीएसएमटीच्या भिंतीवरचं पान
दागिन्यांचं नवीन डिझाइन सुचायला पिंटरेस्ट ही फोटोंची साइट पुरेशी आहे, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. सगळे तिथूनच उचलतात, मग प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर आपलेच झुमके दिसतात.

मी टेराकोटाचे दागिने करते. माझी लोकल सीएसएमटीला संपते. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीवरची दगडी पानं-फुलं, प्राणी-पक्षी कोरण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. विद्यार्थ्यांचा! हे कळल्यापासून रोज एकच कोपरा बघते, वहीत उतरवते. गेल्या पावसात एका पानाच्या शिरेत पाणी मुरून ती काळीभोर, ठळक दिसत होती. घरी येऊन ओल्या मातीत सुईनं तशीच खोल रेघ ओढली, भाजल्यावर तिच्यात काळा रंग भरला. बायका अजून तीच जोडी मागतात.