मदत हवी आहे: लहान .२२ रिव्हॉल्व्हरमध्ये नेमाला खरंच चांगलं कोणतं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत राहणाऱ्या आणि नेमबाजीची हौस असणाऱ्या सगळ्यांना हा प्रश्न आहे. मी फिनिक्सला असते. सुट्टीच्या दिवशी ऊन तापायच्या आत आम्ही दोघं बेन एव्हरी ही नेमबाजीची रेंज गाठतो. काम एवढंच: कागदी लक्ष्य आणि लोखंडी झुलत्या चकत्या, सात ते पंधरा यार्ड. स्वसंरक्षणासाठी नको, स्पर्धेसाठीही नको. निवांत बसून मारायचं, पण मारलेलं जिथे पाहिजे तिथेच लागलं पाहिजे.

माझं मूळ कोल्हापूरचं. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ रायफल चालवली, तेव्हापासून हे काडतूस आवडतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं तेही .२२ वरच. म्हणजे काडतुसात खोट नाही, हे मला ठाऊक आहे. प्रश्न आहे तो त्याच्याभोवतीच्या लहानशा रिव्हॉल्व्हरचा.

माझी यादी अशी आहे. स्मिथ अँड वेसनचं ३१७, तीन इंची नळी, ॲल्युमिनियमची बॉडी, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यांचंच ६३, नळी तेवढीच पण सगळं स्टेनलेस स्टील, त्यामुळे वजन दुपटीहून जास्त. रूगरचं एलसीआरएक्स, तेही तीन इंची, साधारण पाचशे ग्रॅम. ही तिन्ही आठ गोळ्यांची आणि तिन्हींची मागची खाच (नेम धरताना जिच्यातून बघतो ती) स्क्रूने हलवता येते. चौथं रूगरचं एसपी१०१, नळी ४.२ इंची आणि वजन साडेआठशे ग्रॅम. लहान म्हणावं की नाही या सीमेवरचं.

मला अडतंय ते इथे. ऑनलाइन जो तो म्हणतो, 'माझं मस्त नेम धरतं'. पण कुठून मारलं? हात टेकून की उभं राहून? घोडा मागे ओढून की नुसता चाप दाबून? कोणतं काडतूस? यातलं काहीच कुणी लिहीत नाही. मागे रेंजवर भाड्याने घेतलेल्या एका दोन इंची रिव्हॉल्व्हरने मी दहा यार्डांवर पसरट ग्रुप (लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) काढला. तेच शस्त्र शेजारच्या लेनमधल्या आजोबांनी वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून, घोडा ओढून चालवलं, तर पाच गोळ्या एका लिंबाखाली झाकल्या गेल्या असत्या. तेव्हापासून मला 'कोणतं जास्त अचूक' या प्रश्नाचं उत्तर नुसत्या मॉडेलच्या नावात मिळेल असं वाटत नाही.

म्हणून विनंती: ज्यांनी यातली दोन तरी एकाच दिवशी, एकाच डब्यातली काडतुसं घालून, टेकून चालवली आहेत त्यांनीच सांगा. माझा हात लहान आहे, चाप जड असला की माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हलतेच.

प्रतिसाद १

ताई, प्रश्न नेमका विचारलात. ३१७ आणि ६३ दोन्ही माझ्याकडे आहेत. टेकून, घोडा ओढून मारलं तर पंधरा यार्डांवर दोघांत मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही. उभं राहून मारलं की ६३ पुढे जातं, आणि त्याचं कारण फक्त वजन. ३१७ इतकं हलकं आहे की चाप ओढायला लागणारा जोर शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. हात थोडा जरी आखडला तरी नळी फिरते.

चाप जड का, तेही सांगतो. .२२ सारख्या रिमफायर काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि ती पितळी कड चेपायला पिनेचा ठोसा जोरदार लागतो. स्प्रिंग मऊ करून चाप हलका करायचा मोह होतो. करू नका. काडतुसं फुसकी जायला लागतात.

आणि नळीच्या लांबीला लोक उगाच दोष देतात. आखूड नळीने गोळीचा वेग कमी होतो, नेम नाही. नेम बिघडतो तो माशी आणि खाच यांच्यातलं अंतर कमी झाल्यामुळे. ते अंतर १२ सेंमी धरा. माशी पाव मिलिमीटर सरकली तर १५ मीटरवर गोळी तीन सेंमी बाजूला. अंतर २४ सेंमी असेल तर चूक निम्मी. टेकून मारताना हे फारसं जाणवत नाही, उभं राहिलं की जाणवतं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण रिव्हॉल्व्हरची एक स्वतंत्र भानगड कुणी बोलत नाही. पिस्तुलाला एक चेंबर (काडतूस बसायची जागा), इथे आठ. सिलिंडरचं प्रत्येक भोक नळीसमोर नेमकं सरळ रेषेत यावं लागतं. एखादं केसभर तिरकं आलं की गोळी नळीच्या तोंडावर घासून आत शिरते आणि शिसं एका बाजूने खरवडलं जातं. म्हणून एकाच मॉडेलची दोन शस्त्रं वेगळा ग्रुप देऊ शकतात.

तपासायचं असं: सिलिंडरवर मार्करने एक ते आठ आकडे टाका. कागदावर आठ छोटी वर्तुळं काढा. एक नंबरच्या चेंबरची गोळी कायम एक नंबरच्या वर्तुळावर, दोनची दोनवर. टेकून, सावकाश, प्रत्येकी पाच. सात वर्तुळांत गोळ्या सारख्या आणि एकातच भलतीकडे, तर दोष त्या चेंबरचा. आठही ठिकाणी विखुरल्या, तर आधी काडतूस बदला. सीसीआय कंपनीचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी (१०७० फूट प्रतिसेकंद) आणि मिनी-मॅग (१२३५) दोन्हींच्या गोळीचं वजन ४० ग्रेनच, पण एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये वेगळं वागतात. हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने नळीचं तोंड उचललं जातं, त्यामुळे ती थोडी वर लागते. तुमच्या यादीतल्यांची खाच हलते म्हणून निभावेल. रूगर रँग्लरसारख्या स्थिर खाचेच्या स्वस्त सिंगल ॲक्शनमध्ये (दर गोळीला घोडा हाताने ओढावा लागतो ते) जमेल तेच काडतूस शोधत बसावं लागतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चेंबरना आकडे टाकायची कल्पना फार आवडली, इतक्या सोप्या गोष्टीने किती कळतं! वजनाचं वाचून ३१७ यादीतून काढते आहे, जरी पाठपिशवीत टाकायला तेच सगळ्यात बरं असलं तरी. एलसीआरएक्सचा चाप सरळ दाबूनही मऊ लागतो असं बरेच जण म्हणतात. माझ्यासारख्या लहान हाताच्या कुणी वापरलंय का? आणि घरी रिकामा सराव (गोळी न घालता चाप ओढणं) केला तर रिमफायरची पिन खराब होते म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद ३

माझ्या बायकोचं एलसीआरएक्स आहे, हात तिचाही लहान. चाप वजनाला हलका नाही, पण ओढताना मध्ये कुठे अडत नाही, शेवटपर्यंत एकसारखा येतो. त्यामुळे माशी जागेवर राहते. मात्र ६३ चा घोडा ओढल्यावरचा चाप तिला जास्त स्वच्छ वाटतो. तुम्ही निवांत, एकेक गोळी मारणार असाल तर ६३ घ्या. सलग चाप दाबून चकत्या झुलवायच्या असतील तर एलसीआरएक्स.

रिकाम्या सरावाचं: मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. नसेल तर भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते छोटे प्लॅस्टिकचे प्लग आणा, कडवाले. .२२ च्या चेंबरमध्ये बसतात आणि पिन त्यांच्या कडेवर आपटते. आधी सिलिंडर उघडून रिकामं असल्याची खात्री, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत. प्लगचा रंग काडतुसापेक्षा वेगळा घ्या.

एक राहिलं. .२२ चं शिसं आणि मेण चेंबरमध्ये साचतं. दोन-तीन डबे मारले की काडतूस पूर्ण बसत नाही, कड किंचित वर राहते आणि पिनेचा ठोसा वाया जातो. रेंजवर छोटा ब्रश ठेवा, आठही चेंबरमधून फिरवा, रिकामी टरफलं काढणाऱ्या चांदणीच्या खालीही. आणि घरी आल्यावर काही खायच्या आधी हात साबणाने धुवा.