पार्किंगमधला दोर, एनडीए आणि आपली सई

कुलकर्णी काका (बी ३०२), सकाळी ६:०५
सेक्रेटरी साहेब, पार्किंगच्या बीमला तो जाड दोर अजून तसाच लोंबतोय. मागच्या मीटिंगला बोललो होतो. पहाटे पाचला धपाधप उड्या, शिट्टी, झोपेचं खोबरं. मुलीच्या जातीला हे सगळं कशाला हवंय हा वेगळा विषय, पण सोसायटी म्हणजे तालीम नाही.

शिंदे (सेक्रेटरी)
काका नमस्कार 🙏 दोराचं बघतो. बाकीचा विषय ग्रुपवर नको, गणपतीच्या वेळेस काय झालं सगळ्यांना माहितीये.

वैशाली वहिनी (ए २०४)
बाकीचा विषय मी नाही काढला शिंदे साहेब. दोर खटकत असेल तर आज सोडते, शिट्टी पण बंद. पण "मुलीच्या जातीला" म्हणजे काय ते काकांनी सांगावं. आमची सई बारावी सांभाळून एनडीएची, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या अकादमीची, तयारी करतेय, रोज यवतेश्वरचा घाट पळत चढते. परवा दोरावरून घसरली, दोन्ही तळहातांची सालटी निघाली, हळद लावून दुसऱ्या दिवशी फिजिक्सचं प्रॅक्टिकल दिलं, पेन धरताना बोटं मिटत नव्हती. मी नको म्हटलं तर म्हणते एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडायच्या चाचणीला, दोर असतोच, तिथे हळद घेऊन कोण उभं राहणारे.

जगताप (सी १०३)
सगळं मान्य. माझा एकच प्रश्न. मुलगी शत्रूच्या हाती लागली तर?

रोहन (बी १०४)
सई वर चढतेच आहे तर सी विंगच्या टाकीचा फ्लोट पण बघून ये म्हणावं 😄 प्लंबर काही येत नाही

माने वहिनी (सी २०२)
टाकीचं खरंच बघा हो कुणीतरी. काल पण सकाळी नळ कोरडे.

कुलकर्णी काका (बी ३०२)
वहिनी, मनाला लावून घेऊ नका, सई मला नातीसारखी. मी बोलतोय ते वस्तुस्थितीवर. जवानांच्या भरतीत १.६ किमी पळायला मुलांना पूर्ण मार्कांसाठी साडेपाच मिनिटं आणि मिलिटरी पोलीसच्या भरतीत मुलींना साडेसात. दोन मिनिटं सवलत द्यायची आणि वर समानता म्हणायचं? शत्रू सवलत देतो का?

मंजिरी ताई (बी २०१)
काका ते मिलिटरी पोलीसचं आहे, तिथे ज्या कामाला घेतात त्या कामाचे निकष. इन्फंट्री म्हणजे पायदळ आणि रणगाडे मुलींना अजून बंदच आहेत, त्यामुळे तिथे सवलत घेऊन कुणी घुसलं हा प्रश्नच नाही. बाकी जिथे दार उघडलं तिथे काय झालं बघा ना. २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत, मोहना सिंग फायटर पायलट झाल्या. २०२३ ला आर्टिलरीत पहिल्या ५ महिला अधिकारी गेल्या, तोफा म्हणजे काही ऑफिस नव्हे. त्याच वर्षी सियाचिनला कुमार पोस्टवर कॅप्टन शिवा चौहान मॅडम, साडेपंधरा हजार फुटांच्या वर. आणि एनडीएतून मुलींची पहिली बॅच ३० मे २०२५ ला बाहेर पडली, १७ जणी, आपल्या खडकवासल्यातून.

जगताप (सी १०३)
उत्तर नाही आलं. हाती लागली तर?

माने वहिनी (सी २०२)
स्वाती महाडिक मॅडमना कसं विसरता सगळे. त्यांचे मिस्टर कर्नल संतोष महाडिक २०१५ ला काश्मीरला कुपवाड्यात शहीद झाले, इथल्याच सैनिक स्कूलचे, अख्खा सातारा रडला. पदरात दोन लहान मुलं असताना मॅडम एसएसबी, चेन्नईचं ट्रेनिंग करून २०१७ ला लेफ्टनंट झाल्या. साताऱ्यात राहून मुलीची जात काढायची म्हणजे कमाल आहे.

कुलकर्णी काका (बी ३०२)
मॅडमबद्दल आदरच आहे. पण त्या ऑर्डनन्समध्ये, लढाईच्या तुकडीत नव्हे. विषय भरकटवू नका.

मंजिरी ताई (बी २०१)
ऑर्डनन्स म्हणजे दारूगोळ्याचं खातं काका.

हा मेसेज डिलीट केला आहे

रोहन (बी १०४)
जगताप काका डिलीट काय केलं 👀

शिंदे (सेक्रेटरी)
कृपया संयम राखा. मेंटेनन्स थकलेल्यांची यादी टाकली होती ती कुणी वाचली नाही, यावर मात्र सगळे जागे.

सुभेदार पवार (ए १०१)
सकाळपासून वाचतोय, म्हटलं बोलायचं नाही, पण आता बोलतोच. उभी हयात मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. कुलकर्णी साहेबांचं एक बरोबर आहे, इन्फंट्रीत जायचं तर टायमिंग एकच पाहिजे. पाठीवरचं ओझं बाई बघून हलकं होत नाही आणि जखमी जोडीदाराला खांद्यावर टाकून खाली आणायचं तर त्याचं वजन पण कमी होत नाही. पण मग टेस्ट एकच ठेवा आणि दार उघडा ना, जी पास होईल ती येईल, जो नापास होईल तो घरी, मग पोरगा असो नायतर पोरगी. दारच बंद ठेवून जमत नाही म्हणायचं हे कुठलं माप? आणि २०२० ला सुप्रीम कोर्टात सरकारच्या बाजूनं काय सांगितलं होतं म्हायतीय का, की जवान बहुतेक खेड्यातले, बाईनं कमांड केलेलं मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. खेड्यातले म्हणजे कोण? आमीच की. आपशिंग्याचे, जावळीचे, माणचे. कोर्टानं ते मानलं नाही, पण आमच्या नावावर असलं बोलणं खपवलं याचा राग माझा अजून गेला नाही. मिलिटरी हॉस्पिटलात नर्सिंगच्या मेजर मॅडम वॉर्डात आल्या की आमी पलंगावर सावधान पडायचो, त्या म्हणतील ती गोळी, म्हणतील तेव्हा उठायचं. सॅल्यूट रँकला असतो.
जगताप, तुमचं उत्तर. १९९९ ला कॅप्टन सौरभ कालिया आणि बरोबरचे ५ जवान कारगिलला पाकिस्तानच्या हाती लागले. बॉडी परत आल्या तेव्हा काय हाल केले होते ते सगळ्या देशानं वाचलं. सहाही पुरुष होते. तेव्हा कुणी म्हटलं का की आता पोरं पाठवू नका? हा धोका माणूस वर्दी चढवतानाच पत्करतो. पोरीनं समजून उमजून पत्करला तर तिला नको म्हणणारे आपण कोण?

जगताप (सी १०३)
सुभेदार साहेब तुमचा मान आहेच. तरी मुलीचं वेगळं असतं.

वैशाली वहिनी (ए २०४)
भाऊजी, वेगळं असतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आई आहे मी. तुमचा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. पण क्लासवरून अंधारात पोवई नाक्यावरून चालत येते तेव्हाही तोच प्रश्न असतो. तेव्हा तर तिच्या हातात काहीच नसतं.

कुलकर्णी काका (बी ३०२)
ठीक आहे. माझी तक्रार आवाजाची होती आणि ती कायम आहे. सहानंतर करा, माझी हरकत नाही.

माने वहिनी (सी २०२)
सहानंतर ढोल वाजवले तरी चालतील, तुमच्या नातवाचा सराव आम्ही दोन महिने ऐकलाच की.

शिंदे (सेक्रेटरी)
वहिनी 🙏🙏

सुभेदार पवार (ए १०१)
दोर मी काढतो. त्या बीमवर तसाही नको, पाइपलाइन आहे. वहिनी, सईला उद्या पाच वाजता शाहू स्टेडियमला घेऊन या. दोर पायानं कसा लॉक करायचा ते दाखवतो, ती नुसती हातानं ओढते म्हणून सालटी निघतात.

सई (ए २०४)
येते आजोबा. शूज घालून चढू की अनवाणी?

सुभेदार पवार (ए १०१)
शूज घालून. फुल पँट पण.

पूनम (सी ३०१)
काका, आमची पाचवीत आहे. सैनिक स्कूलला सहावीला मुलींना घेतात का?

सुभेदार पवार (ए १०१)
घेतात. २०२१ पासून सगळ्या सैनिक स्कूलात. तिला पण आणा उद्या, आणि गणिताचं पुस्तक आणा, परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क त्यालाच असतात.